लपायचं असेल तर एक शेड मळका घ्या

पांढऱ्या भिंतीसमोर लपायचं असेल तर पांढरा रंग लावू नका. हे मी आमच्या ऑनलाइन लपाछपीच्या ग्रुपवर ओरडून ओरडून सांगितलंय आणि तरी दर शुक्रवारी रात्री कोणी ना कोणी पांढराफटक होऊन भिंतीला पाठ लावून उभा असतोच, आणि ज्याच्यावर राज्य असतं तो दारातून आत आला की पहिला त्यालाच उचलतो. मग माइकवर बोंबाबोंब, की असं कसं, मी तर सेम कलर लावला होता. नाही रे बाबा. तू तुझ्या डोक्यातला पांढरा लावला होतास. भिंतीचा नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या गेममध्ये तुम्ही एक कोरं बाहुलं असता, हातात ब्रश आणि कलर पिकर असतो, थोडा वेळ मिळतो, तेवढ्यात एखादी जागा हेरायची, अंगाला त्या जागेसारखा रंग फासायचा आणि गप उभं राहायचं. मग राज्य असलेला येतो आणि शोधतो. म्हणजे आपली लपाछपीच, फक्त दाराआड लपायच्या ऐवजी दारच व्हायचं. गॅरीज मॉड या गेममधला जुना प्रॉप हंट खेळला असेल तर तिथे तुम्ही सरळ खुर्ची नाहीतर बादली बनता, रंगाचं काही काम नसतं. इथे सगळी गंमत रंगाचीच आहे. गेमचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण अशा प्रकारचे बरेच आलेत, रोब्लॉक्सवर तर विचारूच नका, आणि रंगाचं गणित सगळीकडे तेच.

आणि मला ते गणित येतं याचं कारण मी काही फार मोठी गेमर आहे असं नाही. आमचं नाशिकच्या सिडकोत रंगाचं दुकान आहे आणि टिंटिंग मशीनवर, म्हणजे शेड मिसळायच्या मशीनवर, दिवसभर मीच असते. गेममध्ये ओढलं ते भाच्याने. त्याला एक माणूस कमी पडत होता आणि बाकी घरात सगळ्यांनी नाही म्हटलं, म्हणून आत्या.

तर पांढरा. दुकानात रोज कोणीतरी येतं आणि म्हणतं, साधा पांढरा द्या. मी शेड कार्ड उघडून समोर ठेवते, त्यात पांढऱ्याचीच पानंच्या पानं, एकात पिवळ्याची झाक, एकात राखाडीची, एकात अगदी नखभर गुलाबी. माणूस गोंधळतो, कारण त्याला घरातली भिंत पांढरीच दिसत असते. डोकं आपल्याला फसवतं म्हणण्यापेक्षा डोकं आपलं काम सोपं करतं. भिंतीवर ट्यूबलाइट पडलीय, खाली फरशीचा तांबूस रंग वर उसळतोय, कोपऱ्यात सावली आहे, हे सगळं बाजूला सारून डोकं सांगतं की भिंत पांढरी आहे, पुढे चल. पण स्क्रीनवर तसं काही नसतं. स्क्रीनवर फक्त आकडे असतात, लाल, हिरवा, निळा, प्रत्येकी 0 ते 255, मिळून 1 कोटी 67 लाखांवर रंग होतात. एकदा गेममध्ये कुठलीही पांढरी भिंत घेऊन तिच्यावर ड्रॉपर, म्हणजे कलर पिकरमधलं रंग उचलायचं टूल, ठेवून बघा. 255, 255, 255 जवळपास कधीच येणार नाही. 210, 204, 190 असं काहीतरी येईल, म्हणजे चक्क मळका, धुऊन धुऊन जुन्या झालेल्या बनियनचा रंग.

आता मुलं म्हणतात मग ड्रॉपरच वापरू ना, उचलायचा आणि लावायचा. वापरा. पण आधी एक तपासा, आणि हे कोणीच तपासत नाही. एकाच भिंतीचा उजेडातला भाग उचला आणि सावलीतला भाग उचला. दोन्हीकडे सेम आकडे आले तर तुमचा ड्रॉपर भिंतीचा मूळ रंग देतोय, म्हणजे गेम बनवणाऱ्याने भिंतीला जो दिला तो, तेव्हा डोळे झाकून लावा. पण आकडे वेगळे आले तर तो स्क्रीनवर दिसतोय तो रंग देतोय, त्यात उजेड आणि सावली आधीच मिसळलेली आहे. तो रंग तुम्ही अंगाला लावला आणि त्याच सावलीत जाऊन उभे राहिलात की गेम तुमच्यावर परत एकदा सावली टाकणार. सावलीवर सावली. भिंतीपेक्षा तुम्ही काळपट दिसणार. पिवळ्या बल्बखाली उभे असाल तर पिवळ्यावर परत पिवळा चढून तुम्ही नारंगी दिसणार. माझा भाचा यावर माझ्याशी भांडला होता, "आत्या, ड्रॉपर खोटं कसं बोलेल?" ड्रॉपर खोटं बोलत नाही, त्याला विचारलं ते तो सांगतो, तू विचारलंस की मला काय दिसतंय. तुला विचारायचं होतं की भिंत कसली आहे.

मग असा ड्रॉपर असेल तर सावलीत उचललेला रंग थोडा उजळ करून लावायचा आणि बल्बखाली उचललेला रंग थोडा फिका. किती, ते जागेवर बघून. ब्रशचा एक छोटा ठिपका हातावर मारायचा, हात भिंतीला टेकवायचा, कॅमेरा मागे न्यायचा आणि बघायचं. पेंटर लोक भिंतीवर आधी कोपऱ्यात हातभर पट्टा मारून वाळू देतात ना, अगदी तेच. आख्खं अंग रंगवून मग बघणारे लोक मला समजत नाहीत.

यातून मूळ मुद्द्यावर येते. लोक रंगाच्या नावात अडकतात. हिरवा का निळा, तपकिरी का चॉकलेटी. खरं तर डोळ्याला नावाच्या आधी उजळपणा दिसतो. किती गडद, किती फिका, बस. हे माझं दुकानदारी ज्ञान नाही, तुमचा टीव्ही आणि मोबाइल याच्यावरच चालतात, व्हिडिओ दाबून लहान करताना त्यातला उजळपणाचा तपशील जपतात आणि रंगाचा तपशील बिनधास्त कमी करतात, कारण आपल्याला तो गेलेला कळतच नाही. आणि उजळपणातही तिन्ही रंगांचा वाटा सारखा नसतो, स्क्रीनच्या हिशोबात हिरव्याचा साधारण 72 टक्के, लालचा 21 आणि निळ्याचा फक्त 7. म्हणून स्लायडर हलवताना निळा पाच-दहा घरं इकडे तिकडे झाला तरी कोणी विचारत नाही, पण हिरवा तेवढाच चुकला तर तुम्ही दिसलात. घाई असेल तेव्हा आधी हिरवा स्लायडर नीट लावा, मग लाल, निळ्याला वेळ उरला तर.

तपासायची सोपी युक्ती म्हणजे फोनचा किंवा कॉम्प्युटरचा डिस्प्ले ब्लॅक अँड व्हाइट करून बघायचं, बहुतेकांमध्ये सेटिंग असतं. सराव करताना स्वतःला असं बघा. रंग गेल्यावरही तुमचा आकार भिंतीवर उठून दिसत असेल तर तुमचा उजळपणा चुकलाय, मग रंग कितीही बरोबर असो. आणि ब्लॅक अँड व्हाइटमध्ये गायब झालात तर रंग थोडा इकडे तिकडे चालतो. सेटिंगमध्ये जायचा कंटाळा असेल तर डोळे बारीक करून बघा, चित्रकार लोक हेच करतात.

दुसरं म्हणजे भडकपणा. आमच्या ग्रुपमध्ये गवतात लपणारा प्रत्येक जण पोपटी होतो. गवत हिरवं असतं हे शाळेत शिकलोय ना. आता जरा पावसाळा संपल्यावर पांडवलेणीच्या डोंगराकडे बघा, किंवा त्र्यंबकच्या रस्त्याने जाताना ब्रह्मगिरी. ऑगस्टमधला तो हिरवा जाऊन दिवाळीपर्यंत सगळं पिवळट-तपकिरी झालेलं असतं, आणि ऑगस्टमध्येसुद्धा लांबून बघितलं तर तो हिरवा राखाडीकडे झुकलेलाच असतो. बरेच गेम बनवणारेही असे खरे फोटो बघून गवत बनवतात. त्यामुळे गवतासाठी रंग घेताना तुम्हाला वाटतो त्यापेक्षा पिवळ्याकडे सरका आणि सॅच्युरेशन, म्हणजे भडकपणाचा स्लायडर, खाली ओढा, ओढत रहा, वाटेल की आता अगदीच मळखाऊ झालं, तिथे थांबा. दुकानात आम्हीसुद्धा नुसता रंग टाकून शेड बनवत नाही, बहुतेक शेडमध्ये काळ्या स्टेनरचे (रंगात मिसळायचा दाट रंग) नाहीतर पिवळ्या-तांबड्या ऑक्साइडचे थेंब पडतातच, त्याशिवाय तो रंग भिंतीवर बसत नाही, अंगावर येतो.

बरं, रंग जुळला. उजळपणा जुळला. तरी दिसता. का? कारण भिंत सपाट आहे आणि तुम्ही गोल. वरून लाइट पडतो, त्यामुळे डोकं आणि खांदे उजळतात, हनुवटीखाली, पोटाखाली सावली पडते, आणि ती वरून खाली गडद होत जाणारी छटा बघून डोळ्याला लगेच कळतं की इथे काहीतरी फुगीर आहे. याला उपाय आपल्या जिल्ह्यातच उड्या मारत फिरतोय. येवल्याकडे ममदापूरला जाऊन काळवीट बघितलंय का? पाठ गडद, पोट पांढरं. मादी तपकिरी असते पण पोट तिचंही पांढरंच. उन्हाने पाठ उजळते, सावलीने पोट काळवंडतं, दोन्ही मिळून हिशोब सारखा होतो आणि लांबून प्राणी सपाट दिसायला लागतो. ही गोष्ट नीट मांडली ती ॲबट थेअर नावाच्या एका अमेरिकन चित्रकाराने, 1896 साली. चित्रकाराने, प्राणिशास्त्रवाल्याने नाही, हे मला भारी आवडतं, कारण ज्याने आयुष्यभर सपाट कॅनव्हासवर गोल वस्तू काढल्या त्यालाच उलट कसं करायचं ते दिसणार.

थेअर पुढे जरा वाहवत गेला. त्याचं म्हणणं पडलं की प्रत्येक प्राण्याचा प्रत्येक रंग लपण्यासाठीच असतो, फ्लेमिंगोसुद्धा गुलाबी आहेत ते सूर्योदय-सूर्यास्ताच्या आभाळात मिसळून जायला म्हणून. थिओडोर रूझवेल्टने, हो, तोच अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, त्याची यावरून चांगलीच हजेरी घेतली होती. नांदूरमध्यमेश्वरला फ्लेमिंगो येतात तेव्हा जाऊन बघा, चिखलाच्या पाण्यात ती पांढरी-गुलाबी रांग केवढ्या लांबून दिसते ते. त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. पण पोट पांढरं, पाठ गडद ही त्याची गोष्ट टिकली आणि आमच्या गेममध्ये ती पैसा वसूल आहे. खांदे आणि डोक्याचा वरचा भाग भिंतीपेक्षा एक शेड गडद, हनुवटीखाली, काखेत, दोन पायांच्या मधे एक शेड उजळ. मधे ब्रश मोठा करून हलक्या हाताने मिसळून टाकायचं. हे मी पहिल्यांदा केलं तेव्हा राज्य असलेला माझ्यासमोरून दोनदा गेला आणि शेवटी माइकवर म्हणाला, "काय भो, ही रूममध्ये आहे का नाय?"

आणि तरीही माझी सगळ्यात आवडती जागा सपाट भिंत नाहीच. सपाट भिंत म्हणजे डोक्याला ताप. दुकानात सगळ्यात जास्त भांडणं टच-अपवरून होतात, तोच डबा, तोच ब्रँड, तोच कोड, तरी मोकळ्या भिंतीच्या मधोमध मारलेला ठिगळभर पॅच दिसतोच दिसतो. म्हणून चांगला पेंटर ठिगळ मारत नाही, आख्खी भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत मारतो, म्हणजे जोड कोपऱ्यात जातो आणि कोपऱ्यात कोणी बघत नाही.

तर जिथे आधीच एखादा जोड आहे, रेघ आहे, अशी जागा शोधा. किचनचा मॅप, म्हणजे गेममधली खेळायची जागा, आहे ना, त्यात ओट्याच्या बाजूला खाली टाइल्स आणि वर क्रीम भिंत. मी तिथे उभी राहते. कमरेपर्यंत टाइलचा निळसर राखाडी, टाइलच्या जोडातल्या रेघा मांडीवर आडव्या ओढलेल्या, कमरेवर टाइल संपते तिथली गडद कड, वर क्रीम, आणि अगदी खाली पावलांवर स्कर्टिंगची तपकिरी पट्टी. रेघ जुळवण्यासाठी कॅमेरा जिथून राज्य असलेला आत येतो त्या दाराच्या उंचीवर नेऊन बघायचं, तुमच्या डोक्यावरून नाही. तिरकं बघितलं तर रेघ तुटते, हे खरं, पण तो दारातून बघणार असतो. भिंतीची रेघ माझ्या अंगावरून सरळ पुढे जाते आणि बघणाऱ्याचा डोळा रेघेबरोबर पुढे निघून जातो. माझ्या खांद्याची, कमरेची कड त्याला सापडतच नाही. रंग यात थोडा चुकला तरी चालतो. टिटवी मोकळ्या माळावर, काही आडोसा नाही, खड्यांमध्ये अंडी घालते, आणि ती दिसत नाहीत ती नुसत्या मातकट रंगामुळे नाही, त्यावरच्या काळ्या डागांनी अंड्याचा गोल आकारच मोडून जातो म्हणून.

पुस्तकांचं कपाट पण याचसाठी सोन्यासारखं. उभ्या पट्ट्या ओढा, एक मरून, एक राखाडी, एक मळका पिवळा, एक बारीक काळी फट, पट्ट्यांची रुंदी मुद्दाम कमी-जास्त. बघणारा पुस्तकं मोजत बसत नाही. फक्त फळ्यांची आडवी रेघ विसरू नका.

भाच्याचा एक मित्र मात्र प्रत्येक मॅपला झेब्रा होऊन येतो. काळे-पांढरे पट्टे, कारण त्याने कुठेतरी बघितलं की पहिल्या महायुद्धात जहाजांना असे पट्टे मारायचे. मारायचे, बरोबर आहे, 1917 मध्ये नॉर्मन विल्किन्सन या ब्रिटिश चित्रकाराने ते काढलं, पण ती जहाजं लपावीत म्हणून नव्हतं. समुद्रात जहाज लपतंय कुठे. पाणबुडीवाल्याला जहाज कुठल्या दिशेने चाललंय याचा अंदाज चुकावा म्हणून ते पट्टे होते. तू गेममध्ये हलतच नाहीस, मग दिशा कुठली चुकवतोयस. त्याला हे सांगितलं, तो म्हणाला, "पण भारी दिसतं ना." यावर माझ्याकडे उत्तर नाही, दिसतं खरं.

तसंही कुठल्याच रंगाने गर्दीसारखं लपता येत नाही. रंगपंचमीला जुन्या नाशकात रहाडीवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदावर, गेलाय कधी? प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, तिवंध्याची पिवळी, शनी चौकातली गुलाबी, आणि त्यात धप्पा, म्हणजे उडी, मारून बाहेर आलेल्या माणसांत आपला नवरा कुठला हे बायकोला सांगता येत नाही. गेममध्ये आम्ही हे करून बघितलं, सगळ्यांनी एकच रंग लावून एका कोपऱ्यात दाटीवाटीने उभं राहायचं, म्हणजे निदान किती जण आहेत ते कळणार नाही. मज्जा आली, पण सगळे एकदम आउट.

आता राज्य तुमच्यावर असेल तर काय. सगळ्यात आधी हे लक्षात ठेवा की लपलेल्याने बहुतेक एकाच बाजूने बघून रंग लावलेला असतो. म्हणून दारात उभं राहून निरखू नका, चालत रहा, बाजूला सरका, भिंतीला घासून तिरकं बघा. भिंत आणि तिच्यासमोर उभा माणूस वेगवेगळ्या वेगाने सरकताना दिसतात आणि माझ्यासारखीची टाइलची रेघ फटकन तुटते. मॅट भिंतीवर कोणी चकाकत असेल तर तोही तिरक्यातूनच सापडतो, काही गेममध्ये चमक कमी-जास्त करायचा वेगळा स्लायडर असतो आणि निम्मे लोक त्याला हातच लावत नाहीत. आणि लपणाऱ्यांनो, म्हणून हलू नका. जरासा हललात तर डोळ्याच्या कोपऱ्यातूनही दिसता, तिथे रंग नीट कळत नाही पण हालचाल लगेच कळते.

आमच्यात सगळ्यात खतरनाक राज्य कोणाचं, तर माझ्या मामेभावाचं, आणि त्याला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही. आधी मला वाटलं हा काहीतरी सेटिंग करून बसलाय. मग कळलं की यावर अभ्यास झालाय, 1992 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी दाखवलं की लाल-हिरव्या रंगांच्या गोंधळात लपवलेला वेगळ्या पोताचा आकार रंगांध लोकांना सापडतो आणि बाकीच्यांना सापडत नाही. आपल्याला रंगच दिसत राहतात, त्याला त्यामागचा पोत दिसतो. म्हणून तो खेळणार असेल त्या रात्री मी पानाफुलांच्या मॅपला रंगांवर फार वेळ घालवत नाही, ब्रश बारीक करून पोत काढते, पानांच्या दिशेने छोटे छोटे फटकारे, भिंत असेल तर खडबडीत ठिपके. त्याच्यासमोर सपाट, गुळगुळीत, एकसारखा रंग म्हणजे हात वर करून उभं राहणं.

एकाच गोष्टीवर काही इलाज नाही आणि ती म्हणजे सेटिंगवाले. राज्य आलं की ग्राफिक्स लो करायचं, सावल्या बंद, ब्राइटनेस फुल. सावल्या गेल्या की मी सावलीचा हिशोब करून लावलेलं सगळं उलटं दिसतं, खांदे काळे, पोट पांढरं, भर खोलीत काळवीट. आमच्या ग्रुपमध्ये आता नियम आहे की खेळ सुरू व्हायच्या आधी राज्य असलेल्याने स्क्रीन शेअर करून सेटिंग दाखवायचं. भाचा म्हणतो आत्या जास्तच सिरियस झाली. असेना. येत्या शुक्रवारी नवीन मॅप आहे, गॅरेजचा, पत्र्याचं शटर आणि गंजलेले ड्रम, आणि गंज कसा काढायचा ते मी त्याला अजून सांगितलेलं नाही.